आबांची उर्दू

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

२०२३ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवा. आमच्या अंकुशनगरजवळच्या अंतरवाली सराटीत २९ ऑगस्टला उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि कधी कुणी नाव न ऐकलेलं आमच्या अंबड तालुक्यातलं गाव देशभर पोचलं. पुढं सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामाच्या काळातले महसुली कागद, शाळेचे दाखले, सनदा, वंशावळी, जिथं कुठं कुणबी नोंद असेल ती शोधायची, हे समितीचं काम.

आरक्षणाच्या बाजूनं किंवा विरोधात आज काही लिहायचं नाही. त्यावर गावोगावी पारावर पुरेसं बोलून झालंय. मला त्या दिवसांत बातम्या करता करता दिसलेल्या एका वेगळ्याच गोष्टीबद्दल सांगायचंय.

घरोघरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरल्या. फडक्यात बांधलेली दप्तरं सुटली. कसर लागलेले, घडीवर फाटलेले कागद बाहेर आले. सगळे ते हातात घेऊन बसले आणि मग कळलं की वाचता कुणालाच येत नाही. पदवीधर पोरं कागद उलटा धरतायत की सुलटा, हेसुद्धा समजेना. तहसीलमध्ये तीच तऱ्हा. जिल्ह्याजिल्ह्यात उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध सुरू झाला. सत्तर-ऐंशीच्या घरातल्या ज्या माणसांना एरवी कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या दारात मोटारसायकली थांबायला लागल्या.

आमच्या घरातही एक दप्तर निघालं, आबांचं. आबा म्हणजे माझे आजोबा. वडील नेहमी सांगायचे, "आबा उर्दू शिकलेले होते." लहानपणी मला ते गमतीचं वाटायचं. धोतर-पागोट्यातला, पंढरीची वारी करणारा माणूस आणि उर्दू? आबांनी आमच्यासमोर कधी एक अक्षर उर्दू लिहिलं नाही. फक्त हिशेब चुकला की तोंडातल्या तोंडात "तौबा" म्हणायचे.

दप्तर घेऊन मी अंबडला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, एकेक कागद उजेडात धरला आणि तीन ढीग केले. पहिला ढीग छापील पावत्यांचा. त्या त्यांनी घडाघडा वाचल्या. दुसऱ्या ढिगावर हात ठेवून म्हणाले, "ये शिकस्ता है बेटा, ये मेरे बस का नहीं." तिसरा ढीग मोडीचा, तो त्यांनी माझ्याकडंच सरकवला. "ये तो तुम्हारी मराठी है. तुम पढो."

मला वाचता येत नव्हतं. उर्दूच्या मास्तरांसमोर बसून मराठी वाचता येत नाही असं सांगताना काय वाटतं, ते सांगत बसत नाही.

*

थोडा इतिहास सांगतो, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही.

मराठवाडा १७२४ पासून १९४८ पर्यंत आसफजाही घराण्याच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात होता. आपला अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो १९८१ ला. राज्याच्या कारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूनं घेतली. हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, साधारण पाव हिस्सा मराठी, बाकीच्यांत कानडी आणि उर्दू. उर्दू घरात बोलणारे शंभरात दहा-बारा. पण कोर्ट उर्दूत, पोलीस उर्दूत, सारा उर्दूत आणि वरच्या वर्गातलं शिक्षणही उर्दूत.

शाळांची नावंसुद्धा बघा. प्राथमिक म्हणजे तहतानिया, मधली वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फौकानिया. खालच्या वर्गांत मराठी असायची. वर चढलं की इतिहास, भूगोल, गणित सगळं उर्दूतून. खेड्यातल्या पोरासाठी शाळेची पायरी चढणं म्हणजे परक्या भाषेत उतरणं होतं. बहुतेकांनी ती पायरी चढलीच नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास संस्थानात लिहिता-वाचता येणारे शंभरात दहासुद्धा नव्हते. त्याला गरिबी, शाळांची टंचाई, जात अशी बरीच कारणं आहेत. पण शाळेत गेलं तरी मास्तर काय बोलतोय ते कळत नाही, हे त्यातलं मोठं कारण होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आजकाल उर्दू म्हटलं की लगेच कमेंट सुरू होतात. उर्दू ही परदेशी भाषा नाही. तिचं जुनं रूप, दख्खनी, याच मातीत वाढलं. वली आणि सिराज हे मोठे शायर औरंगाबादचे म्हणून ओळखले जातात. आमच्या बाजारात बागवान, मोमीन, शेख मंडळी जी बोली बोलतात ती ऐकत आम्ही वाढलो. ती आम्हाला कधी परकी वाटली नाही. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणात सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. त्यात एक मराठीत बोलतो आणि दुसरा हिंदुस्थानीत. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी. नाथांनी देवाला जे अर्ज लिहिले त्यांचा साचा सरळ सरकारी अर्जाचा आहे. जांबच्या समर्थांचीही हिंदुस्थानीतली पदं आहेत. म्हणजे शेजाऱ्याची किंवा राजाची भाषा शिकायला इथल्या माणसानं कधी नाक मुरडलेलं नाही. शिकला, वापरली, तिच्यात विनोद केला आणि घरी येऊन ओवी मराठीतच लिहिली.

अडचण झाली ती पुस्तकातल्या, कचेरीतल्या उर्दूची. अरबी-फारसी शब्दांनी भरलेली ती भाषा बाजारातल्या दख्खनीपेक्षा फार लांबची होती.

*

आता उस्मानिया विद्यापीठाकडे बघू. १९१७ ला सातव्या निजामाचं फर्मान निघालं, १९१८ ला विद्यापीठ स्थापन झालं. सगळ्या हिंदुस्थानात विद्यापीठं इंग्रजीतून चालत असताना इथं इतिहासापासून विज्ञानापर्यंत आणि पुढं वैद्यकशास्त्रापर्यंत सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. इंग्रजी हा विषय सक्तीचा, माध्यम मात्र देशी भाषेचं. त्या काळात ही केवढी मोठी हिंमत! रवींद्रनाथ टागोरांनीसुद्धा या कल्पनेचं स्वागत केलं होतं. पुस्तकं नव्हती म्हणून दार-उल-तर्जुमा नावाचं भाषांतराचं खातं काढलं. त्याची पहिली जबाबदारी मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. पुढं 'बाबा-ए-उर्दू' म्हणून ओळखले गेले ते हेच. त्यांची बरीच वर्षं औरंगाबादेत गेली. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार त्यांनी तिथून चालवला, 'उर्दू' नावाचं त्रैमासिक १९२१ ला तिथून सुरू केलं. याच माणसानं मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर उर्दूत पुस्तक लिहिलं. आपल्याकडं माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धनांनी १९२५ ला फारसी-मराठी कोश काढला. म्हणजे दोन्हीकडं एकमेकांची भाषा मनापासून शिकणारी माणसं होती.

मग चुकलं कुठं? उस्मानियामागचा विचार असा होता की मूल आपल्या भाषेत शिकलं तर नीट शिकतं. शंभर टक्के बरोबर. पण हा हक्क संस्थानातल्या एकाच भाषेला मिळाला. ज्या पोरांची घरची भाषा मराठी, तेलुगू, कानडी, त्यांच्यासाठी इंग्रजीच्या जागी दुसरी परकी भाषा आली, एवढाच फरक झाला. त्यांना आधी उर्दू शिकायची, मग उर्दूतून भूमिती शिकायची आणि वर सक्तीची इंग्रजी.

म्हणून मराठी शाळांना आमच्याकडं चळवळीचं रूप आलं. औरंगाबादचं सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी, सेलूचं नूतन, या शाळा पुढं स्वातंत्र्यलढ्याचे अड्डे झाल्या ते उगाच नाही. स्वामी रामानंद तीर्थ लढ्यात येण्याआधी मास्तर होते. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ ला आपल्याच परतूरला झालं. १९३८ ला औरंगाबादच्या वसतिगृहातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरला, चळवळ हैदराबादपर्यंत पसरली, शेकडो मुलं कॉलेजातून काढली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठानं जागा दिली. त्या मुलांत वारंगलकडचा एक तेलुगू पोरगा होता, पी. व्ही. नरसिंह राव. पुढं ते पंतप्रधान झाले. या माणसानं इतकं मराठी आत्मसात केलं की हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'चं तेलुगूत भाषांतर केलं. ज्या भाषेची कुणी सक्ती केली नव्हती ती त्यांनी अशी शिकली.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्याचं. सेतुमाधवराव पगडी, जन्म १९१० चा, निलंग्याचा. निजामाच्या नोकरीत अधिकारी. उर्दू-फारसी इतकं पक्कं की मोगल काळातली फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली, गालिब मराठी वाचकाला समजावून सांगितला. हेच पगडी आदिलाबादकडं आदिवासी भागात काम करताना गोंडी शिकले, कोलामी शिकले आणि त्या भाषांची व्याकरणं लिहिली. सरकारी अधिकाऱ्याला गोंडी येण्याची काही गरज नव्हती. गोंडालाच साहेबाची भाषा यावी, अशी तेव्हाची रीत. पगडींनी उलटं केलं. साहेब जनतेची भाषा शिकला. निजामाच्या दोन-सव्वादोनशे वर्षांत असे अधिकारी आणखी निघाले असते तर मराठवाड्याचा इतिहास थोडा वेगळा झाला असता, असं मला वाटतं.

*

आता आबांच्या दप्तराकडं परत येतो.

मोडी येणारे एक गृहस्थ जालन्यात भेटले. त्यांना घेऊन पुन्हा अंबडला गेलो. पाटावर दप्तर, एका बाजूला उर्दूचे गुरुजी, दुसऱ्या बाजूला मोडीवाले आणि मध्ये मी, दोन्हीकडं अडाणी.

कागद वाचणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणाऱ्यानं अंदाजानं भरायचे. शिकस्ता म्हणजे कारकुनी घाईचं मोडकं वळण. त्यात नुक्तेसुद्धा गाळतात. नुक्ता गेला की ब, प, त, न ही अक्षरं एकमेकांत मिसळतात. वर उर्दूत 'ण' नाही आणि 'ळ' नाही. त्यामुळं कुणबी लिहिताना 'कुनबी' होतो. पिंपळगावचं पिंपलगाव, टाकळीचं टाकली. पटवाऱ्यानं कानानं ऐकलं तसं लिहिलं, कधी पिंपल तर कधी पीपल. एकाच माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी.

तारखा तर आणखी वेगळ्या. निजामाकडं फसली सन चालायचा. महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. हिशेबातले आकडेही आपले नव्हेत. रकम म्हणून एक पद्धत होती, अरबी संख्याशब्द आखूड करून केलेल्या खुणांची. म्हणजे एका पावतीसाठी भाषा, वळण, पंचांग आणि आकडे, चार गोष्टी शिकाव्या लागतात.

आणि मग ती वही निघाली. बाइंडिंग सुटलेली, शाई तांबूस झालेली. गुरुजींनी पहिलं पान बघितलं आणि हसले. "ये सरकारी कागज नहीं है बेटा. ये तो किसी बच्चे की कॉपी है."

आबांची शाळेची वही होती ती.

पहिल्या पानांवर अलिफ, बे, पे, ते. ओळीच्या ओळी. मग एकाच 'स' आवाजासाठी तीन अक्षरं, से, सीन, स्वाद. 'झ' आवाजासाठी चार, जाल, जे, ज्वाद, जोय. गुरुजी म्हणाले, इथंच मराठी पोरं मार खायची. बोलायला काही त्रास नाही. आपल्या 'जमीन'मधला 'ज' आपण उर्दूवाल्यासारखाच म्हणतो. पण लिहिताना चारातलं कुठलं अक्षर घ्यायचं ते कानाला कळत नाही, पाठच करावं लागतं. आजच्या पोरांना इंग्रजी स्पेलिंगमध्ये जो मार बसतो तोच हा. लिंगाचाही घोळ. आपली तीन लिंगं, उर्दूची दोन. आपलं पुस्तक 'ते', त्यांची किताब 'ती'. आपलं दही नपुंसक, त्यांचं पुल्लिंगी. वहीत मास्तरांनी लाल शाईनं असल्या चुका जागोजाग खोडलेल्या होत्या.

पुढच्या पानांवर वाक्यं. वर उर्दू ओळ, तिच्याखाली बारीक अक्षरात मोडी. गुरुजींनी वरची वाचली, "कुएं में पानी है." मोडीवाल्यांनी खालची वाचली, "विहिरीत पाणी आहे." मग पुढची, मग त्याच्या पुढची. असे आळीपाळीनं ते दोघं म्हातारे दहा-बारा पानं वाचत गेले. मी मध्ये बसून ऐकत होतो. शाळेतलं पोरगं धडा म्हणतंय असंच वाटत होतं.

गंमत म्हणजे वहीच्या शेवटाकडं मोडी विरळ होत जाते. आधी प्रत्येक ओळीखाली आहे, मग अवघड शब्दाखालीच, आणि शेवटच्या पाच-सात पानांवर नाहीच. तिथं नुसती उर्दू. शेवटी एक अर्जाचा मसुदा आहे, तहसीलदाराला, बांधाच्या भांडणाबद्दल. बहुधा घरातल्या मोठ्यांनी पोराकडून लिहून घेतलेला. गुरुजी म्हणाले, "लिखावट अच्छी है. दो गलतियां हैं, बस."

आबा उर्दू कशी शिकले ते त्या वहीत लख्ख दिसतं. मराठीवर पाय ठेवून शिकले. खाली मोडीची ओळ होती म्हणून वरची ओळ चढता आली. ज्या पोरांना घरी मोडी येत नव्हती, ज्यांच्या घरात कुणीच शिकलेलं नव्हतं, दलितांची, भटक्यांची, बलुतेदारांची, बहुतेक शेतकऱ्यांचीही पोरं, त्यांना खालची ओळच नव्हती. ती शाळेतून कधी गळाली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आम्ही जे शोधत होतो ते दप्तरात सापडलं का, हे मुद्दाम सांगत नाही. तो या पोस्टचा विषय नाही.

*

१९४८ च्या सप्टेंबरात पाच दिवसांत संस्थान संपलं. १७ सप्टेंबरला आपण दरवर्षी झेंडावंदन करतो. त्या दिवसांत आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुजरलं, ते वेगळं आणि प्रामाणिकपणे लिहावं लागेल. इथं भाषेपुरतं बोलतो. उस्मानियातून उर्दू माध्यम गेलं, इंग्रजी आलं. १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, कारभारात मराठी आली. आपल्या भाषेचं राज्य आलं, हे हवंच होतं आणि त्यासाठीच माणसांनी तुरुंग भोगले.

पण या उलथापालथीत दोन गोष्टी घडल्या. एक, उर्दूत शिकलेला कारकून, मास्तर, वकील रातोरात निरक्षरासारखा झाला. त्यात मुसलमान होते तसे हिंदूही होते. आबा त्यातलेच एक. त्यांच्या सहा-सात वर्षांच्या मेहनतीची किंमत शून्य झाली. म्हणूनच बहुधा त्यांनी ती वही दप्तरात बांधून ठेवली आणि कधी कुणाला दाखवली नाही.

दुसरी गोष्ट आपण सगळ्यांनी मिळून केली. ती भाषा आपण वाचायचंच सोडलं. सक्तीचा राग होता, तो समजतो. पण त्या भाषेत आपल्याच बापजाद्यांच्या जमिनी, जाती, जन्म, कर्ज आणि भांडणं लिहिलेली होती. मोडीची तर सक्तीही नव्हती, ती आपलीच. छापखान्याला बाळबोध सोयीची म्हणून मोडी मागं पडली, शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत मराठी माणसाला मराठी कागद वाचता येईना. पंच्याहत्तर वर्षांनी गरज पडली तेव्हा जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचणारे उरले होते. ज्यांना आपण येता-जाता परके म्हणतो त्या समाजातला निवृत्त मास्तर आणि मोडीचा एक हौशी माणूस, या दोघांवर आमच्या वंशावळी अवलंबून होत्या.

*

हे सगळं आज का लिहितोय?

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मी स्वतः पत्रकार, मराठीवर पोट भरतो, तरी तिला तिथं घातलं. उगाच पांघरूण कशाला घालू? आमच्या भागात हायवेला लागून इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या सकाळी रांगेनं जातात. ऊसतोड्याचं पोरगंही जमलं तर तिथंच घालायचं म्हणतात. त्यात चूक काय? इंग्रजी आली की नोकरी, हे आज खरं आहे. उर्दू आली की नोकरी, हे आबांच्या बापाला खरं वाटलं होतं, तसंच.

पण परवा मुलीला म्हटलं, दुकानातून एकोणसाठ रुपयांचा पुडा आण. ती थांबली. "पप्पा, म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?" सातबारा हातात दिला तर तिला अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. बरं, इंग्रजी तरी? पाठ्यपुस्तकातली उत्तरं पाठ आहेत. पण त्याच धड्याचा अर्थ तिच्या शब्दांत विचारला तर ती ना इंग्रजीत सांगू शकते ना मराठीत. खालची ओळच नाही. वरच्या ओळीला टेकायला काही नाही.

इंग्रजी शिकू नये असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. विषय म्हणून ती नीट शिकवली तर खेड्यातलं पोरगं दहावीपर्यंत बोलायला आणि लिहायला लागलं पाहिजे. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी आपल्या सरकारनं २०२४ ला कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यासाठी पोरांना जर्मन शिकवायचं ठरलं. चांगलंय. शिकावं. आपल्या भागातला वायरमन, नर्स जर्मन बोलली तर मला आनंदच आहे. भाषा जितक्या येतील तितक्या कमीच. पण भाषा शिकणं वेगळं आणि भाषेतून सगळं शिकायला लावणं वेगळं. पहिल्यानं माणसाचं एक दार वाढतं. दुसऱ्यात, घरची भाषा कच्ची राहिली तर, आहे तेही दार बंद होतं. उस्मानियाची गफलत हीच होती आणि आपण ती आज स्वखुशीनं, फी भरून करतोय.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागं घेतले. दोन महिने राज्य तापलं होतं. त्या गदारोळात तिसरी भाषा कोणती यावर सगळे बोलले. पहिली भाषा आपल्या पोरांना किती येते, यावर मात्र फारच थोडे बोलले. ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्या अभिजात भाषेतला शंभर वर्षांपूर्वीचा एक साधा खरेदीखताचा कागद वाचणारा माणूस मात्र आपल्याला जिल्हाभर शोधावा लागतो.

तीन विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली. घरात उर्दू, फारसी, मोडी कसलेही जुने कागद असतील तर फेकू नका, रद्दीत देऊ नका, लॅमिनेशनही करू नका. सुती फडक्यात कोरड्या जागी ठेवा आणि मोबाईलवर चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.

दुसरी. पुराभिलेख खात्यामार्फत मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात. कॉलेजच्या पोरांनी करावेत. उर्दू लिपी तर गावातलाच कुणी गुरुजी महिना-दोन महिन्यांत शिकवील. तालुक्यात असे पाच पोरं-पोरी तयार झाल्या तरी पुढच्या वेळी आपल्याला कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. मी स्वतः मोडीपासून सुरुवात केलीय. अजून अडखळतो.

तिसरी. पोरं कुठल्याही माध्यमात असू द्या, रोज अर्धा तास घरी मराठी वाचून घ्या. मोठ्यानं. पेपर वाचा, एसटीच्या पाट्या वाचा, सातबारा वाचा, एकोणसाठपासून एकोणनव्वदपर्यंत आकडे म्हणून घ्या.

आमच्याकडं हल्ली रात्री जेवणं झाली की हेच चालतं. मुलगी इंग्रजीचा धडा वाचते आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं मराठी लिहिते. तिच्या मॅडमना ते आवडत नाही, वही खराब होते म्हणतात. मी तिला आबांची वही दाखवली. तिनं बराच वेळ बघितली आणि विचारलं, "त्यांनी खालचं लिहायचं कधी बंद केलं?"

म्हटलं, आलं तेव्हा.